लाटेच्या पलीकडे टाकायचा दोर

गेल्या रविवारी फोनवर तुमच्यापैकी थोरलीने विचारलं, की आजोबांच्या रिळावर कोणता तंगूस, म्हणजे गळाचा दोर, होता. तिला स्वतःच्या रिळावर तोच भरायचा आहे, कारण व्हिडिओत तो फार लांब गेलेला दिसतो. मी म्हटलं, लिहून कळवते. फोनवर बोलणं शक्य नव्हतं. तुमचे धाकटे आजोबा खालच्या मजल्यावर दार उघडं ठेवून बसले होते आणि आमच्या हुडकेश्वरच्या घरात जिन्यातून सगळं खाली ऐकू जातं.

तो व्हिडिओ बारा सेकंदांचा आहे. आजोबा वाळूवर पाय रोवतात, रॉड डोक्यामागून पुढे आणतात, दोराला बांधलेलं शिसं लाटेच्या पलीकडे जाऊन पडतं आणि ते म्हणतात, "गेला." तुम्ही तो खूप वेळा पाहिला असेल. तेराव्या सेकंदाला मी फोन वाळूत टाकला, म्हणून तुम्हाला पुढचं माहीत नाही.

रॉड आणि रीळ तुमच्या बाबांनी दिवाळीला येताना आणले होते. बारा फुटांचा, तीन तुकड्यांचा रॉड आणि नारळाएवढं रीळ. त्याला पुढून तारेची कमान असते. ती उघडायची, दोर तर्जनीवर धरायचा आणि फेकताना बोट सोडायचं. रीळ रिकामं होतं. दोर तिथलाच घ्या, असं बाबा म्हणाले. समुद्र आठशे किलोमीटरवर असलेल्या नागपुरात असा दोर कुठे मिळतो, हा विचार त्यांनी केला नाही.

आजोबांनी जन्मभर तलावावर बांबूच्या काठीने मासे धरले. हिंगण्याच्या कारखान्यातून पाळी संपवून घरी यायचे, जेवायचे आणि काठी घेऊन निघायचे. तलावात जोर लागत नाही, गळ पायापासून चार हातांवर सोडायचा आणि बसायचं. समुद्राचं तसं नसतं. मासा लाट फुटते तिच्या पलीकडे असतो आणि शिसं तिथवर पोचवावं लागतं. तुम्हाला तुमच्या किनाऱ्यावर ते करताना फोनवर पाहिलं तेव्हापासून आजोबांच्या मनाने घेतलं होतं. एकदा तरी लाटेच्या पलीकडे टाकायचं आणि ते तुम्हाला दाखवायचं. त्यांच्या हृदयात दोन स्टेंट आहेत, रक्त पातळ ठेवायची गोळी रोज चालू आहे आणि उजवा खांदा आखडलेला आहे. डॉक्टरांनी परवानगी दिली, पण जोर करून दम लागला तर त्या क्षणी थांबायचं, या अटीवर. म्हणजे त्यांच्या हातात थोडाच जोर होता आणि तेवढ्या जोरात शिसं लाटेपार जायला हवं होतं. सगळं दोरावर होतं.

इथे माझा दीर, म्हणजे तुमचे धाकटे आजोबा, मध्ये आला. मी त्याला समोर भाऊजी म्हणते आणि अहोजाहो करते. कागदावर मात्र त्याला ‘तो’ असंच लिहिणार आहे. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. मी धरमपेठेतली, शहराच्या सुखवस्तू भागातली, इंग्रजी शाळेत शिकलेली, याचा त्याला पहिल्या दिवसापासून राग आहे. मी वाणसामानाची यादी इंग्रजीत केली म्हणून त्याने ती दुकानदाराला मोठ्याने वाचून दाखवली होती, मुद्दाम चुकीच्या उच्चारांत. त्या गोष्टीला आता पन्नास वर्षं झाली. त्या दुकानात मी पुन्हा गेले नाही. त्याचं सगळं आयुष्य दोन गोष्टींत गेलं, पाण्याचे पंप दुरुस्त करण्यात आणि पतंगात. सत्तरीला आला तरी संक्रांतीला गच्चीवर असतो.

मला न विचारता त्याने आजोबांच्या रिळावर दोर भरून टाकला. अर्धा मिलिमीटर जाडीचा नायलॉन, कटल्यासारखा मोठा मासा ओढायला वापरतात तो. दुसऱ्या दिवशी सकाळी घरामागच्या, प्लॉट पाडून रिकाम्या पडलेल्या ले-आउटमध्ये गळ न लावता नुसतं शिसं बांधून आजोबांनी फेकून पाहिलं. जाड नायलॉनला रिळावरचे वेढे लक्षात राहतात. तो स्प्रिंगसारखा वळ्यावळ्यांनी सुटला, रॉडच्या कड्यांना घासत गेला आणि शिसं मध्येच बसलं. मी पावलं मोजली, चौतीस भरली. आजोबांनी दुसऱ्यांदा जास्त जोर लावला. अडतीस. तिसऱ्यांदा फेकून ते विटांच्या ढिगावर बसले आणि छातीवर हात ठेवला. काही नाही, म्हणाले. मी त्यांना घरी आणलं आणि रॉड कपाटावर टाकला.

कोकणात आम्ही ज्यांच्या घरी उतरणार होतो त्या बाईंना मी फोन केला आणि भरतीला लाट किती लांब फुटते ते विचारलं. त्यांनी मुलाला वाळूवर पाठवलं आणि साठ पावलं असं सांगितलं. मग मी रिळाची इंग्रजी पुस्तिका पहिल्या पानापासून वाचली. तुमच्या बाबांनी ती उघडलेलीही नव्हती, पानं चिकटलेली होती.

पुस्तिकेत जे होतं ते थोरलीने नीट वाचावं. दोर जितका बारीक तितका तो हवेत आणि कड्यांत कमी अडतो आणि तितका लांब जातो. साध्या नायलॉनला मोनो म्हणतात. तो ताणला जातो, धक्का सोसतो, खडकाला घासला तरी तग धरतो, पण हवी ती ताकद पाहिजे तर जाड घ्यावा लागतो. दुसरा असतो विणलेला, ब्रेडेड. बारीक धाग्यांची वेणी असते ती. मोनोच्या निम्म्या जाडीत तेवढीच ताकद देतो, वळी धरत नाही, सुळकन सुटतो. पण फेकताना शिशाचा झटका आणि वाळूचं घासणं त्याला सोसत नाही, म्हणून त्याच्या टोकाला जाड मोनोचा तुकडा जोडायचा. त्याला लीडर म्हणतात. लीडर रॉडच्या दुप्पट लांब ठेवायचा, असं लिहिलं होतं. का ठेवायचा ते लिहिलं नव्हतं.

आजोबांच्या खांद्याला ब्रेडेडच हवा होता, हे मला स्पष्ट झालं. इतवारीत जाळी आणि तंगूस विकणारं एक दुकान आहे. मी एकटी गेले. संक्रांत आठ दिवसांवर होती आणि आमच्याकडे त्या दिवसांत बारीक मजबूत दोर मागणारा माणूस म्हणजे नायलॉनचा मांजा शोधणारा माणूस. त्या मांज्यावर बंदी आहे, गळे कापतात लोकांचे. दुकानदाराने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि संक्रांतीनंतर या, म्हणाला. मी पुस्तिका दाखवली. त्याने ती हातातही घेतली नाही. नातवाला पतंगासाठी हवा असेल, हल्ली म्हातारी माणसंच पाठवतात, असं तो शेजारच्या गिऱ्हाइकाला म्हणाला. मी तिथेच उभी होते.

मी कुठे राहते हे सांगितल्यावर त्याने माझ्या दिराचं नाव घेतलं. त्यांची ओळख होती. त्यांना घेऊन या मग देतो, म्हणाला. तीस वर्षं कॉलेजात शिकवलेल्या बाईला दोराचं रीळ घ्यायला त्या माणसाची हमी लागली. मी बाहेर येऊन त्याला फोन केला. तो अर्ध्या तासात स्कूटरवर आला. इतका आनंदी मी त्याला त्याच्या मुलीच्या लग्नातही पाहिला नव्हता.

हमी त्याने लगेच दिली. मग माझ्या हातातला ब्रेडेड दोन बोटांत धरून पूर्ण दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाला, "वहिनी, दादाले मासा पकडाचा आहे का रुमालावर फुलं काढाची आहेत? हे काय शिवणाचा दोरा घेऊन राहिल्या?"

दुकानदार हसला. मी म्हटलं, "भाऊजी, तुमच्या जाड दोराने मासा आला नाही, छातीत कळ आली."

त्याने दोर काउंटरवर ठेवला. हे मी लागावं म्हणूनच बोलले होते आणि त्याला लागलं. दोर मी घेतला. वाटेत आम्ही एकमेकांशी बोललो नाही आणि पुढचे अठरा दिवस फक्त आजोबांमार्फत बोललो.

भरण्याचं काम मी नीट केलं, हे मी स्वतः म्हणते. गुळगुळीत धातूवर ब्रेडेड घसरतो आणि रीळ फिरलं तरी दोर जागेवरून हलत नाही, म्हणून तळाला आधी साध्या नायलॉनचे थोडे वेढे दिले. मग आजोबांनी मूठ फिरवली आणि मी ओल्या फडक्यात दोर चिमटीने ताणून धरला. सैल भरला तर वरचा वेढा खालच्यात रुततो. काठापासून दोन मिलिमीटर खाली थांबायचं होतं, ते मी पोलादी पट्टी लावून पाहिलं. शेवटी रॉडच्या दुप्पट, चोवीस फूट, लीडर जोडला.

दुसऱ्या दिवशी ले-आउटमध्ये गेलो. सकाळी इतकी थंडी होती की आजोबांनी स्कूटरवरचे रेक्झिनचे हातमोजे घातले होते. पहिल्या फेकीला लीडरची गाठ प्रत्येक कड्यातून टक टक टक करत गेली आणि शेवटच्या कड्यात अडकली. शिसं जेमतेम वीस पावलांवर आपटलं. तो टकटक आवाज मला सहन होईना. मी घरी जाऊन कात्री आणली आणि लीडर इतका आखूड केला की फेकायला उभं राहिल्यावर गाठ रॉडच्या टोकाच्या बाहेर लोंबत राहील. म्हणजे ती कड्यांतून जायचा प्रश्नच उरणार नाही.

माझा दीर कंपाउंडच्या भिंतीवर बसून बोरं खात होता. एक बी थुंकून त्याने विचारलं, "कापला?"

मी आजोबांकडे बघून म्हटलं, "अडकतो, म्हणावं."

"बरं," तो म्हणाला.

तेवढंच. हा शब्द लक्षात ठेवा.

आजोबांनी पुन्हा फेकलं, खांद्याला फारसा ताण न देता. मी मोजत गेले. एकोणसत्तर पावलं. परत येताना मी भिंतीजवळून मुद्दाम तो आकडा मोठ्याने म्हणत आले. आजोबा इतके खूश होते की त्यांनी त्याच दिवशी तुमच्या बाबांना तारीख कळवली.

समुद्रावर आम्ही तिघे गेलो. दीर येणार नव्हता. तरी ऐन वेळी आला आणि दादाला एकटं कसं सोडू, असं गाडीत म्हणत राहिला, जणू मी सोबत नव्हतेच. दुसऱ्या दिवशी सकाळी भरती लागत असताना वाळूवर उतरलो. हवा दमट आणि गरम होती. नागपूरचा स्वेटर, मफलर, हातमोजे सगळं खोलीवर राहिलं होतं. कोणाला त्यांची आठवणही झाली नाही. मी फोन घेऊन बाजूला उभी राहिले. आजोबांनी कमान उघडली, दोर उघड्या बोटावर घेतला आणि फेकलं.

ते तुम्ही पाहिलंत. शिसं लाटेच्या पुष्कळ पलीकडे पडलं. आजोबा "गेला" म्हणाले, तेव्हा त्यांचा चेहरा जसा होता तसा मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. मग त्यांनी हाताकडे पाहिलं. तर्जनीच्या आतल्या बाजूने, पहिल्या पेरावर, चाकूने कापावं तसं हाडापर्यंत चिरलं होतं. रक्त मनगटावरून कोपरापर्यंत आलं आणि कोपरावरून वाळूत पडू लागलं. गोळीमुळे ते थांबणार नव्हतं.

मी फोन टाकला, पदराने बोट आवळून धरलं आणि हात वर केला. पदर भिजला. आणि मग माझ्या दिराने शर्टाच्या खिशातून पांढऱ्या कापडी चिकटपट्टीची गुंडाळी काढली. तिचा काठ वापरून मळलेला होता. पतंग उडवताना मांज्याने बोट कापू नये म्हणून ही माणसं ती गुंडाळतात. त्याने पदर बाजूला केला, कापलेलं कातडं अंगठ्याने मिटवलं आणि इतक्या जोरात पट्टी आवळली की आजोबा कळवळले.

मी विचारलं, "ही तुमच्याजवळ होती?"

"असतेच."

"नागपूरपासून?"

"लीडर तुमी कापला तेव्हाच मले समजलं. जाड तुकडा बोटाखाली याले पाहिजे, म्हणून तर तेवढा लांब असते. तिथं हातमोजे होते म्हणून वाचले. बारीक दोर हाताले काय करते ते मले नाही समजन तर कोनाले?"

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी कुठं विचारलं?" तो म्हणाला. "तुमची पुस्तिका होती ना."

मी त्याला जे म्हटलं ते तुमच्यासाठी लिहिणार नाही. इंग्रजीत म्हटलं आणि त्याला समजलं. त्याने उलट जे म्हटलं त्यात धरमपेठ होती, माझे आईवडील होते आणि ती वाणसामानाची यादीही होती. लाटा पायांवर येत होत्या. रॉड आडवा पडला होता आणि त्याच्यावर पाणी चढत होतं.

आजोबा हात वर धरून आमच्या दोघांमध्ये उभे होते. "दोघंही गप्प बसा," ते म्हणाले. "मी फेकला तो लाटेच्या पलीकडे गेला का नाही, तेवढं सांगा."

मी म्हटलं, "गेला."

तो म्हणाला, "गेला, दादा."

त्या दिवशी आमचं एवढ्यावरच एकमत झालं. डॉक्टर दहा किलोमीटरवर होते. रिक्षात मी आजोबांचा हात धरून बसले आणि दीर ड्रायव्हरच्या शेजारी. डॉक्टरांनी पाच टाके घातले, रक्त थांबायला तासाहून जास्त वेळ लागला आणि पट्टी कोणी बांधली ते त्यांनी विचारलं. चांगली बांधली, म्हणाले. गोळी चालू असलेल्या माणसाच्या हातात असला दोर कोणी दिला, हेही विचारलं. माझा दीर तेव्हा खोलीतच होता. तो नुसता माझ्याकडे बघत राहिला. मीच म्हटलं, मी दिला. तो तसा बघत राहिला याचा राग मला बोटाच्या रागाहून जास्त आहे.

आता घरात या गोष्टीच्या दोन आवृत्त्या आहेत. तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, की वहिनीने दादाचं बोट कापलं. मी सांगते, की त्याने खिशात पट्टी ठेवून भावाचं बोट कापू दिलं. दोन्ही खरं आहे. तो "बरं" म्हणाला तेव्हा त्याच्या आवाजात काय होतं ते मी ऐकलं होतं आणि मी जिंकत होते म्हणून विचारलं नाही, हेही खरं आहे. पण मी चुकले ते चुकून आणि तो गप्प बसला तो ठरवून. या दोन्ही गोष्टी मी एका तराजूत घालणार नाही.

बोट बरं झालं, टोकाला थोडं बधिर राहिलं. आणि गेल्या महिन्यात आजोबा म्हणाले, की येत्या जानेवारीत पुन्हा जायचं. या वेळी फेकून नुसतं "गेला" म्हणायचं नाही, मासा येईपर्यंत उभं राहायचं.

मी रीळ काढलं. जुना लीडर कापून टाकला, नवा चोवीस फूट मोजला आणि त्याचे चार-पाच वेढे रिळावर येतील असा जोडला, म्हणजे बोटाखाली जाड दोर राहील. गाठ बारीक वळली, टोकं गाठीलगत कापली. तरी ती टकटक करतेच. तिला करू दे. पण जाड दोरही उघड्या बोटाला सारखा घासला तर सोलतो आणि आजोबांच्या त्या बोटाला आता नीट कळत नाही. पट्टी लागणारच होती. जास्त गुंडाळली तर दोर कधी सुटला ते कळत नाही, कमी गुंडाळली तर बोट कापतं. पुस्तिकेत याबद्दल एक ओळ नाही.

मी जिना उतरले. तो दारातल्या खुर्चीवर पंपाचा वॉशर घासत होता. वर्षभरात आम्ही थेट बोललो नव्हतो.

"बोटाला किती वेढे द्यायचे?" मी विचारलं.

त्याने मान वर केली नाही. "आता विचारून राहिल्या?"

मी उभी राहिले. त्याने वॉशर फुंकला, उजेडाकडे धरून पाहिला, परत घासायला घेतला. मला तिथून निघून जायची फार इच्छा होती.

"तीन," तो शेवटी म्हणाला. "चौथा दिला तर दोर समजत नाही." खिशातून गुंडाळी काढून त्याने माझ्या हातात न देता पायरीवर ठेवली. मी ती पायरीवरून उचलली.

तर थोरलीने लिहून घ्यावं. ब्रेडेड, मोनोच्या निम्म्या जाडीचा. तळाला साधा नायलॉन. ओल्या फडक्यातून ताणून भरायचा, काठाच्या दोन मिलिमीटर खाली थांबायचं. लीडर रॉडच्या दुप्पट, आणि टकटक ऐकू आली म्हणून तो कापायचा नाही. बोटाला कापडी पट्टी, तीन वेढे.

आजोबांच्या बोटावर काल तालमीला मी चार दिले. शिसं पंचावन्न पावलांवर पडलं, लाटेच्या पाच पावलं अलीकडे. भिंतीवरून तो मोजत होता. आज सकाळी मी चौथा सोडवला.